आयत्या बिळातील शेजारी : शेतशिवारातील सापांचा जीवनक्रम आणि ओळख

'आयत्या बिळावर नागोबा' ही म्हण दुसऱ्याच्या कष्टावर जगणाऱ्या माणसासाठी वापरली जाते. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने मात्र ती अक्षरशः खरी आहे. सापाला पाय नाहीत, नखे नाहीत, आणि वाळा, मांडूळ यांसारखे भुसभुशीत मातीत शिरणारे मोजके अपवाद वगळता डोक्याने जमीन उकरण्याची क्षमताही नाही. त्यामुळे शेतातील साप दुसऱ्याने बांधलेल्या घरात राहतो. हे घर बहुधा उंदराचे असते किंवा वाळवीचे.

वारुळाला आपल्याकडे सर्रास 'मुंग्यांचे वारूळ' म्हटले जाते. प्रत्यक्षात ते उभारते ती वाळवी; भारतातील शेतजमिनीत दिसणारी मोठी वारुळे मुख्यत्वे ओडोन्टोटर्मिस या प्रजातीतील वाळवीची असतात. मातीचा एकेक कण लाळेने सांधून कामकरी वाळवी भिंती रचते, आतल्या कप्प्यांत बुरशीची लागवड करते आणि त्या बुरशीसाठी हवा खेळती व दमट ठेवते. बाहेर चैत्र-वैशाखाचे ऊन तापत असताना वारुळाच्या पोटात तापमानाचा चढउतार फारच थोडा असतो. वसाहत ओसाड झाली, तरी तिचे बांधकाम वर्षानुवर्षे टिकते. सापाच्या अंड्यांचे कवच कोंबडीच्या अंड्यासारखे कठीण नसून चामड्यासारखे मऊ असते. कोरड्या हवेत ते सुरकुतते आणि आतील गर्भ मरतो. म्हणूनच वारूळ व उंदराची खोल बिळे या नागाच्या मादीला अंडी घालण्यासाठी सर्वांत योग्य जागा ठरतात.

नागाची मादी साधारणतः उन्हाळ्यात बारा ते तीस अंडी घालते आणि पिले बाहेर पडेपर्यंत, म्हणजे सुमारे दोन महिने, त्यांच्या आसपास राहते. पिले पावसाळ्याच्या सुरुवातीस वा मध्यास जन्मतात आणि पहिल्या दिवसापासून विषारी असतात. श्रावणातील नागपंचमीला नांगर धरू नये, जमीन खणू नये, हा महाराष्ट्रातील संकेत नेमका याच काळात येतो. नांगराच्या फाळाखाली नागाची पिले सापडल्याची कथाही त्याच्याशी जोडलेली आहे. संकेत पाळणाऱ्यांनी सापाचा जीवनक्रम पाहून तो घातला, असे सिद्ध करता येणार नाही. मात्र त्या दिवशी नागाला दूध पाजण्याच्या प्रथेपेक्षा हा संकेत निसर्गाच्या कितीतरी जवळचा आहे. साप दूध पीत नाही. कित्येक दिवस तहानलेला ठेवलेला साप समोर येईल तो द्रव पितो एवढेच, आणि ते दूध पुढे त्याच्या जिवावर बेतू शकते.

शरीररचना आणि संवेदना

साप हे सरड्यांच्या कुळातून उत्क्रांत झालेले सरपटणारे प्राणी होत. अजगराच्या गुदद्वाराशेजारी आजही दोन लहान नख्या दिसतात. त्या लुप्त झालेल्या मागील पायांच्या खुणा आहेत. सापाचे रक्त 'थंड' नसते, तर त्याचे शरीर स्वतः उष्णता निर्माण करून तापमान टिकवू शकत नाही. म्हणून तो सकाळी बांधावर ऊन घेतो, दुपारी बिळात शिरतो आणि उन्हाळ्यात बहुतांश हालचाल रात्रीवर ढकलतो. याला एक लक्षणीय अपवाद आहे. अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळे घालून स्नायू सतत आकुंचित करते आणि त्या थरथरीतून अंड्यांना ऊब देते.

सापाला बाह्यकर्ण नाही. जमिनीतील कंपने खालच्या जबड्याच्या हाडातून आंतरकर्णापर्यंत पोहोचतात. हवेतील खालच्या पट्टीचे आवाजही त्याला काही प्रमाणात जाणवतात. पुंगीच्या सुरावर मात्र तो डोलत नाही. गारुड्याच्या हाताच्या आणि पुंगीच्या हालचालीवर तो नजर ठेवतो. दुभंगलेल्या जिभेने हवेतील गंधकण टिपून ते टाळूतील जेकबसनच्या इंद्रियाकडे पोहोचवले जातात. जिभेच्या दोन टोकांवरील गंधाच्या प्रमाणातील फरकावरून उंदीर कोणत्या बाजूस गेला हे सापाला समजते. चापड्यासारख्या सापांच्या डोळा व नाकपुडी यांच्यामध्ये एक खळगा असतो. उष्ण रक्ताच्या भक्ष्याची उष्णता तो अंधारातही टिपतो.

स्वतःच्या डोक्यापेक्षा मोठे भक्ष्य साप गिळतो तेव्हा त्याचा जबडा निखळत नाही, हा गैरसमज पाठ्यपुस्तकांतही डोकावतो. खालच्या जबड्याचे दोन भाग पुढे हाडाने जोडलेले नसून लवचिक अस्थिबंधाने बांधलेले असतात. ते आळीपाळीने पुढे सरकतात आणि भक्ष्य आत ओढले जाते. एकदा पोटभर खाल्ले की साप अनेक दिवस न खाता राहू शकतो. पुढील हिशेबात ही बाब महत्त्वाची ठरते.

उंदीर आणि साप : हिशेब नेमका काय?

'साप शेतकऱ्याचा मित्र' हे वाक्य प्रत्येक शिवारफेरीत ऐकू येते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे.

भारतातील शेतीत नुकसान करणाऱ्या कृंतकांमध्ये शेतातील घूस (बँडिकोटा बेंगालेन्सिस), मऊ केसांचा शेतउंदीर (मिलार्डिया मेल्टाडा), लहान शेतउंदीर (मस बूडुगा) आणि कोरडवाहू भागांतील जर्बिल (टटेरा इंडिका) या प्रमुख जाती आहेत. घूस भाताच्या लोंब्या तोडून बिळातील कोठारात साठवते. उंदरांचा गर्भकाळ जेमतेम तीन आठवड्यांचा असतो, आणि पीक उभे असताना एकामागून एक वेत होतात. याउलट सापाची मादी वर्षातून बहुधा एकदाच अंडी वा पिले देते. शिवाय तो रोज खात नाही. यामुळे उंदरांची संख्या एकदा उसळली की साप ती खाली आणू शकत नाहीत. मिझोरममध्ये २००६ ते २००८ या काळात बांबू फुलला आणि त्याच्या बियांवर पोसलेल्या उंदरांनी भातशेती फस्त केली. 'मौताम' नावाने ओळखल्या जाणाऱ्या, सुमारे ४८ वर्षांनी येणाऱ्या या संकटात कोणताही भक्षक पुरा पडत नाही.

मग सापाचे महत्त्व कशात? घुबड आणि मांजर बिळाबाहेरचा उंदीर टिपतात. साप बिळात शिरतो. डोळे न उघडलेली पिले, त्यांना पाजणारी मादी आणि दिवसा लपून बसलेला नर या सर्वांपर्यंत पोहोचणारा शेतातील तो जवळजवळ एकमेव भक्षक आहे. उंदरांची संख्या कमी असते त्या काळात, विशेषतः उन्हाळ्यात पीक नसताना, बांधावरील मूळ बिजवाईवर हा दाब सतत राहतो. पुढील हंगामाची सुरुवात किती उंदरांपासून होणार, हे काही अंशी तेथेच ठरते.

सर्व साप मात्र उंदीर खात नाहीत. भातखाचरात व शेततळ्यात दिसणारा विरोळा, म्हणजेच पाणदिवड, मासे व बेडूक खातो. अंगावर दोन पिवळसर पट्टे मिरवणारी निरुपद्रवी नानेटीही मुख्यतः बेडकांवर जगते. बेडूक हा किडींचा मोठा भक्षक असल्याने केवळ कीडनियंत्रणाच्या तराजूत तोलले, तर या दोघांना 'मित्र' म्हणावे की नाही यावर वाद घालता येईल. वाळ्याची गोष्ट वेगळी. गांडुळासारखा दिसणारा, वीतभरही नसणारा हा साप मुंग्या व वाळवीची अंडी आणि पिले खातो. कुंडीतील मातीतून तो जगभर पसरला, कारण त्याच्यात सर्व माद्याच असतात आणि नराविना प्रजनन होते. एक मादी पोहोचली तरी नवी वस्ती उभी राहते. शेणखताच्या उकिरड्यात किंवा गांडूळखताच्या वाफ्यात सापडलेला वाळा 'विषारी सापाचे पिलू' समजून मारला जातो, हे नित्याचे आहे.

धामण

उंदीर खाणाऱ्या बिनविषारी सापांत धामण अग्रस्थानी आहे. दोन मीटर वा त्याहून अधिक लांब, चपळ, दिवसा शिकार करणारी आणि झाडावरही सहज चढणारी धामण जवळजवळ संपूर्ण भारतात आढळते. ओठांवरच्या खवल्यांच्या कडांवरील काळ्या रेषा आणि मोठे गोल डोळे ही तिची खूण. पकडली गेल्यास ती जोरात चावते, पण तिला विषदंत नाहीत. ती गायीच्या पायांना वेटोळे घालून दूध पिते, शेपटी नाकपुडीत घालते, तिने शेपटी मारल्यास अवयव कुजतो, या सर्व समजुती निराधार आहेत. सापाच्या तोंडाची रचना चोखण्यायोग्य नाही, आणि आत वळलेल्या सुईसारख्या दातांचा स्पर्श कोणतीही गाय सहन करणार नाही. दोन धामणी एकमेकींना पीळ घालून उभ्या राहिलेल्या दिसतात तेव्हा ते मीलन नसून बहुतेक वेळा दोन नरांमधील झुंज असते.

एकेकाळी धामणीची कातडी मोठ्या प्रमाणावर निर्यात होत असे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नंतर हा व्यापार बंद झाला आणि तमिळनाडूतील इरुळा या पारंपरिक साप पकडणाऱ्या जमातीची उपजीविका बुडाली. रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकाराने १९७८ मध्ये चेन्नईजवळ वडनेम्मेली येथे इरुळांची सहकारी संस्था स्थापन झाली. परवान्याने पकडलेले विषारी साप काही आठवडे ठेवून त्यांचे विष काढले जाते आणि त्यांना पुन्हा निसर्गात सोडले जाते. देशातील प्रतिविष निर्मितीला लागणारे विष प्रामुख्याने येथून येते. या व्यवस्थेची एक मर्यादा पुढे येईल.

चार प्रमुख विषारी साप

भारतात सापांच्या तीनशेहून अधिक जातींची नोंद आहे. त्यांपैकी साठेक विषारी असल्या, तरी माणसाच्या मृत्यूंशी मुख्यत्वे चार नावे जोडली जातात : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे.

नागाची ओळख फणीवरून होते. परंतु फणीवरील 'दहाचा आकडा' प्रत्येक नागावर नसतो. देशाच्या वायव्य भागात पूर्ण काळे, खूण नसलेले नाग सामान्य आहेत. बंगाल, ओडिशाचा काही भाग आणि आसाम येथे एकच गोल खूण असलेला वेगळ्या जातीचा नाग आढळतो. फणी न काढलेला नाग धामणीसारखा दिसतो आणि अनेकांची फसगत तेथेच होते. त्याचे विष मुख्यतः चेतासंस्थेवर परिणाम करते, दंशाच्या जागी सूज येते आणि मांसही सडू शकते.

मण्यार रात्री फिरते. उत्तरेत तिला करैत, बंगालमध्ये कालाच, तमिळनाडूत कट्टुविरियन म्हणतात. इतर साप, पाली, उंदीर हे तिचे भक्ष्य. पावसाळ्यात ती घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. तिचे दात इतके बारीक असतात की पुष्कळदा वेदना होत नाही, सूज येत नाही, खूण दिसत नाही. पहाटे पोटात दुखू लागते, घसा दुखतो, पापण्या जड होतात, बोलणे अडखळते. घरचे लोक अपचनाचे औषध देतात आणि दोन-तीन तासांत श्वास थांबतो. झोपून उठलेल्या व्यक्तीला पावसाळ्यात अशी लक्षणे दिसली, तर साप दिसला नसला तरी तो मण्यारीचा दंश असू शकतो, हे प्रत्येक गावात माहीत असणे आवश्यक आहे. मण्यारीचे विष चेतातंतूंच्या टोकांनाच इजा करते. एकदा झालेली ही इजा प्रतिविषाने भरून येत नाही. तंतू पुन्हा वाढेपर्यंत रुग्णाला कृत्रिम श्वासोच्छ्वासावर ठेवावे लागते. पण तो मिळाला तर रुग्ण पूर्ण बरा होतो.

घोणसेला गुजरातेत खडचितळो, बंगालमध्ये चंद्रबोडा, कर्नाटकात कोळकुमंडल, तेलुगू प्रदेशात रक्तपिंजर अशी नावे आहेत. जाड शरीर, त्रिकोणी डोके आणि पाठीवर साखळीसारख्या तीन ओळींत मांडलेले लंबगोल ठिपके ही तिची खूण. डिवचल्यास ती कुकरच्या शिट्टीसारखा आवाज काढते. ती अंडी घालत नाही. एका वेळी वीस ते चाळीस, क्वचित त्याहून अधिक पिले देते. पॅट्रिक रसेल या स्कॉटिश वैद्याने कोरोमंडल किनाऱ्यावरील सापांवर १७९६ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. इंग्रजीत आजही घोणस त्याच्याच नावाने ओळखली जाते. भात व ऊस कापणीच्या वेळी विळ्याजवळच्या हाताला आणि अनवाणी पायाला होणाऱ्या दंशांत घोणस आघाडीवर असते. तिच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया कोलमडते, हिरड्यांतून व लघवीतून रक्त येते आणि मूत्रपिंडे निकामी होतात. जगलेल्या रुग्णांपैकी काहींना पुढे मूत्रपिंडाचा विकार राहतो. शेतमजुराच्या कुटुंबासाठी ते मृत्यूइतकेच मोठे संकट ठरते.

फुरसे आकाराने लहान, बहुधा दीड फुटाच्या आसपास. कोकणचा जांभ्याचा कातळ, राजस्थानची वाळू आणि दक्षिणेतील खडकाळ माळ हे त्याचे प्रदेश. अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून ते करवतीसारखा आवाज करते आणि वाळूवर आडवे सरकते. ब्रिटिश अमदानीत रत्नागिरी जिल्ह्यात ते मारण्यासाठी इनाम दिले जाई. फुरसे आजही तेथे आहे. उंदीर व पालींबरोबर ते विंचू आणि गोमही खाते, ही कीटकशास्त्राच्या अंगाने लक्षात घेण्याजोगी बाब.

चौघांपलीकडील काही साप मळेवाल्या शेतकऱ्यांना ठाऊक असावेत. केरळ व कर्नाटकातील कॉफी, वेलदोडा व रबराच्या मळ्यांत नाकाड उंचावलेला, तपकिरी रंगाचा लहान खळगाधारी विषारी साप पालापाचोळ्यात बसतो. सह्याद्रीत चापडा, तर ईशान्येकडील चहामळ्यांत त्याचे हिरवे भाऊबंद असतात. यांच्या विषावर देशात विशिष्ट प्रतिविष उपलब्ध नाही. पश्चिम घाटातील नागराज २०२४ मध्ये स्वतंत्र जाती म्हणून नोंदला गेला आणि त्याच्या कन्नड नावावरून त्याला 'कालिंगा' हे जातिनाम मिळाले. तो जवळजवळ केवळ साप खातो, त्यांत धामणी पुष्कळ; माणसाला त्याचा दंश क्वचितच होतो.

ओळखीतील चुका

दोन जोड्यांमध्ये सर्वाधिक घोटाळा होतो. पहिली जोडी मण्यार आणि कवड्याची. कवड्या बिनविषारी असून पालींच्या मागे घराच्या भिंतीवर चढतो. त्याच्या अंगावरील पांढुरके पट्टे मानेजवळ ठळक असतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे पट्टे उलट, मानेजवळ पुसट व शेपटीकडे ठळक, आणि बहुधा जोडीने असतात. तिच्या पाठीच्या मध्यरेषेवरील खवले षटकोनी व इतरांपेक्षा मोठे असतात. दुसरी जोडी घोणस आणि डुरक्या घोणसेची. डुरक्या बिनविषारी आहे. तिच्या पाठीवरील चट्टे वेडेवाकडे, एकमेकांत मिसळलेले असतात, शेपटी आखूड व खरखरीत असते. घोणसेचे ठिपके मात्र सुटे, रेखीव व काळ्या कडांचे असतात. मांडूळ डुरक्याच्याच जवळचे. त्याच्या बोथट शेपटीमुळे 'दुतोंड्या' समजून आणि गुप्तधनाच्या अफवेपायी त्याची तस्करी होते. तो दखलपात्र गुन्हा आहे.

या खुणा अंतर राखून पाहण्यासाठी आहेत. जवळ जाऊन खवले मोजण्यासाठी नव्हेत. दंश झाला असेल तर ओळख पटवण्यात एक मिनिटही घालवू नये. भारतातील प्रतिविष चारही सापांवर एकच असते आणि उपचार लक्षणे पाहून ठरतो.

दंशाचे गणित

२००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाले, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी मृत्यू-अभ्यासातून पुढे आला. सुमारे ७० टक्के मृत्यू बिहार, झारखंड, मध्य प्रदेश, ओडिशा, उत्तर प्रदेश, आंध्र प्रदेश (तेलंगणासह), राजस्थान आणि गुजरात या राज्यांत झाले. निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतील, आणि बहुसंख्य ग्रामीण भागात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांत केला. केंद्र शासनाने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला आणि २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले.

यातील पुष्कळ मृत्यू रुग्णालयात नव्हे, घरी किंवा वाटेत होतात. मांत्रिकाकडे गेलेले दोन तास हे त्याचे एक कारण. मांत्रिकाची प्रतिष्ठा टिकते ती मुख्यतः बिनविषारी दंशांमुळे. शिवाय विषारी साप चावूनही काही वेळा विष सोडत नाही. हे रुग्ण तसेही जगणार असतात आणि त्यांचे जगणे मंत्राच्या खात्यावर जमा होते. विस्तार कार्यकर्त्याने मांत्रिकाशी वाद घालण्यापेक्षा 'तुमचे काम रुग्णवाहिकेतही होऊ शकते' असे सांगणे अधिक उपयोगी पडते.

दंशानंतर रुग्णाला धीर द्यावा, आडवे करावे, दंश झालेला अवयव फळीने किंवा घडी केलेल्या कापडाने हलणार नाही असा ठेवावा. अंगठी, बांगडी, पैंजण, घट्ट बूट काढावेत. सूज आल्यावर तेच फास बनतात. दोरी वा कापड आवळून बांधू नये, चिरू नये, चोखू नये, बर्फ वा औषधी पाला लावू नये. उलटी होत असेल तर डाव्या कुशीवर वळवावे. १०८ क्रमांकाची वाट पाहण्यास वेळ लागणार असेल तर उपलब्ध वाहनाने निघावे. दुचाकीवर रुग्णाला दोघांच्या मध्ये बसवावे. साप मारून सोबत नेऊ नये. मेलेल्या सापाचे डोकेही काही काळ प्रतिक्षिप्त क्रियेने चावते.

प्राथमिक आरोग्य केंद्रातही एक साधी चाचणी होते. रुग्णाचे दोन मिलिलिटर रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवतात. नळी कलती केल्यावर रक्त पातळच राहिले, तर घोणस किंवा फुरशाचे विष भिनल्याचे निश्चित होते. नळी काचेचीच हवी, प्लॅस्टिकची चालत नाही. रायगड जिल्ह्यातील महाड येथे विंचू व सर्पदंशावर दीर्घकाळ काम केलेले आणि २०२२ मध्ये पद्मश्रीने सन्मानित झालेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे कार्य हे दाखवते की या उपचारांत तालुक्याच्या ठिकाणचा जागरूक डॉक्टर निर्णायक ठरतो. प्रतिविषाची मात्रा सापाने सोडलेल्या विषावर अवलंबून असते, रुग्णाच्या वजनावर नाही. म्हणून लहान मुलालाही मोठ्या माणसाइतकीच मात्रा द्यावी लागते.

आता मर्यादेविषयी. प्रतिविष घोड्यांना विषाचे सूक्ष्म डोस देऊन त्यांच्या रक्तापासून तयार करतात. ज्या प्रदेशातील सापाचे विष वापरले, तेथील दंशावर ते सर्वाधिक प्रभावी ठरते. एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशानुसार बदलते, हे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधनासह अनेक अभ्यासांनी दाखवले आहे. तमिळनाडूच्या विषावर आधारलेले औषध राजस्थानच्या किंवा ईशान्येच्या सापावर तितकेच चालेल, असे गृहीत धरता येत नाही. प्रादेशिक विष संकलन ही मागणी कागदावर मान्य आहे. प्रत्यक्षात तिला गती नाही.

शिवारात आणि घरात

शेतकऱ्याला सर्वाधिक धोका रात्रीच्या पाण्याच्या पाळीचा असतो. कृषिपंपाची वीज रात्री मिळते तेथे शेतकरी अंधारात, ओल्या बांधावरून, पाणी मोडण्यासाठी फिरतो. साप, बेडूक आणि उंदीर नेमके त्याच वेळी त्याच बांधावर असतात. दिवसा वीज देणारे सौर फीडर हा म्हणूनच सर्पदंश प्रतिबंधाचाही उपाय आहे, जरी त्याची गणना कधी तशी होत नाही. तोपर्यंत गुडघ्याखालपर्यंत येणारे गमबूट, डोक्याला बांधायची बॅटरी आणि पुढे जमिनीवर आपटायची काठी ही तीन साधने प्रत्येक पंपघरात असावीत. पेंढ्या, कडब्याच्या गंजीतील पेंडी किंवा सरपणाचे लाकूड हाताने उचलण्यापूर्वी काठीने हलवावे.

मण्यारीवर सर्वांत स्वस्त उपाय मच्छरदाणी हा आहे. खाटेवर झोपावे आणि मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली दाबाव्यात. नेपाळच्या तराई भागातील अभ्यासात मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंशापासून ठळक संरक्षण मिळाल्याचे दिसून आले आहे. हिवतापासाठी वाटलेली मच्छरदाणी धान्य झाकण्यासाठी वापरली जात असेल, तर ही माहिती तेथे जरूर सांगावी.

घराभोवती साप येऊ नये म्हणून फोरेटचे दाणे टाकण्याची प्रथा अनेक राज्यांत आहे. काही भागांत त्याला थिमेट म्हणतात. हे अतिविषारी कीटकनाशक ३१ डिसेंबर २०२० पासून देशात प्रतिबंधित आहे. त्याने साप दूर राहतो याला आधार नाही. कोंबड्या, कुत्री आणि अंगणात रांगणारी मुले मात्र त्याला बळी पडतात. कार्बोलिक आम्ल, लसूण, गंधक यांचाही उपयोग होत नाही. साप घरात येतो तो उंदरामागे. धान्याची कणगी जमिनीपासून उंच ठेवणे, उंबऱ्याखालच्या फटी बुजवणे, भिंतीलगतचा विटांचा व सरपणाचा ढीग हलवणे आणि कोंबड्यांचे खुराडे झोपण्याच्या खोलीपासून दूर नेणे एवढ्याने फरक पडतो.

उंदीरनाशक वापरताना ब्रोमाडिओलोनसारख्या रक्तस्रावक औषधाने मेलेले उंदीर रोज गोळा करून खोल पुरावेत, म्हणजे ते घुबडाच्या, घारीच्या किंवा सापाच्या पोटात जात नाहीत. शेततळ्याभोवती व द्राक्षबागेत लावलेल्या नायलॉन जाळीत धामणी अडकून दिवसभर तडफडत मरतात. जाळीची खालची कड जमिनीपासून वीतभर उचलून ठेवता येते किंवा हंगाम संपताच ती गुंडाळता येते. ऊसतोड चारही बाजूंनी आत करत गेल्यास साप मधल्या शेवटच्या सऱ्यांत गोळा होतात आणि शेवटच्या तासात मजुरांच्या पायाखाली येतात. एका कडेने सुरुवात करून बांधाच्या दिशेने तोड सरकवल्यास त्यांना वाट मिळते. पाचट न जाळता सरीत कुजवले, तर जमिनीला सेंद्रिय कर्ब मिळतो आणि धामणही होरपळत नाही. मात्र पाचटाच्या आच्छादनात उघड्या हाताने काम करू नये.

विस्तार कार्यकर्त्याच्या वहीत, गावाच्या नावासमोर, चार गोष्टी लिहिलेल्या असाव्यात : प्रतिविष प्रत्यक्षात उपलब्ध असलेले सर्वांत जवळचे रुग्णालय, कृत्रिम श्वासोच्छ्वासाची सोय असलेले सर्वांत जवळचे रुग्णालय, रात्री निघू शकणाऱ्या गाडीच्या चालकाचा क्रमांक आणि वनविभागाकडे नोंद असलेल्या सर्पमित्राचा क्रमांक. पहिली दोन नावे पुष्कळदा वेगवेगळी निघतात, आणि मण्यारीच्या दंशात दुसरे नाव अधिक महत्त्वाचे असते. ही यादी मे महिन्यात, पहिल्या पावसापूर्वी, दूरध्वनी करून तपासून घ्यावी.